शोकाचे प्रकार ओळखताना: समाजकार्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समाजकार्य शिकणारे विद्यार्थी, संस्थेत नव्याने रुजू झालेले कार्यकर्ते आणि कधीकधी थेट घरातली माणसं पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवात सोप्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे प्रश्न नंतर येतात. तेच तेच दोनदा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रकारांची नावं पाठ असली तर चांगलंच, पण समोरच्या माणसाचं नेमकं काय गेलंय हे विचारायची सवय त्याहून जास्त उपयोगी पडते. खालची बहुतेक उत्तरं फिरून त्याच प्रश्नापाशी येतात.

१. हानी, शोक आणि दुखवटा यांत फरक काय? आम्ही तर सगळ्यालाच ‘दुःख’ म्हणतो.

जे गेलं ती हानी. मग तो माणूस असेल, नोकरी, घर, दृष्टी किंवा मुलाचा ताबा. त्या हानीने माणसाच्या आत जे होतं तो शोक, आणि तो फक्त रडण्यापुरता नसतो. झोप उडते, छाती भरून येते, भूक मरते, किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, साधा निर्णय घेताना हात थरथरतात, ज्यावर श्रद्धा होती ते पोकळ वाटू लागतं. दुखवटा म्हणजे शोक बाहेर दाखवायची समाजाने घालून दिलेली रीत. ही तिन्ही नेहमी एकत्र सापडत नाहीत. दुखवटा यथासांग पाळूनही आतून फारसं न हललेली माणसं असतात, आणि आतून कोसळूनही दुखवट्याचा हक्कच नसलेली माणसंही असतात (प्रश्न ८).

२. कोणी वारलेलंच नाही, तरी त्याला शोक म्हणायचं का?

म्हणायचं. समाजकार्यात येणाऱ्या कितीतरी केसमध्ये मृत्यू नसतोच. घटस्फोट, कापावा लागलेला पाय, तुरुंगवास, राहतं घर सुटणं, देश सोडून पळावं लागणं, मूल न होणं, काढून घेतलेली जबाबदारी. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरी पार्क्स यांनी १९७२ साली जोडीदार, अवयव आणि घर गमावलेल्यांच्या प्रतिक्रिया शेजारीशेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा त्यांत बरंच साम्य दिसलं. त्याआधी १९६३ मध्ये मार्क फ्राइड यांनी बॉस्टनच्या वेस्ट एंड भागातून पुनर्विकासासाठी हलवलेल्या रहिवाशांबद्दल लिहिलं. माणसं जिवंत होती, डोक्यावर छप्परही होतं, तरी अनेकांची अवस्था घरात कोणी गेल्यासारखी होती.

व्यसनमुक्तीतली हानी सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. दारू सोडणाऱ्याचे मित्र सुटतात, संध्याकाळ सुटते, झोप येण्याची एकमेव युक्ती सुटते. आपण त्याचं अभिनंदन करत असतो आणि तो मनातून कशाची तरी आठवण काढत असतो. हे त्याला मोकळेपणाने बोलू दिलं नाही, तर तो ते जुन्या मित्रांपाशी जाऊन बोलेल.

मृत्यूशिवायच्या हानीत एक जादा अडचण असते. भेटायला कोणी येत नाही, सुट्टी मिळत नाही, विधी नसतो. ‘आता पुरे’ हे मात्र लवकर ऐकायला मिळतं.

३. नवरा जाऊन चार महिने झाले. ती फक्त भाडं, कागदपत्रं आणि मुलांच्या फीबद्दल बोलते. तिला दुःख झालंच नाही का?

झालंय, आणि ती त्याबद्दलच बोलतेय. एका मृत्यूमागून आणखी कितीतरी गोष्टी जातात: कमाई, राहण्याची शाश्वती, सासरमाहेरच्या माणसांतलं स्थान, मुलांना ओरडणारा दुसरा आवाज, रात्री दाराला कडी लावणारं माणूस. अभ्यासक यांना दुय्यम हानी म्हणतात. पण ज्याच्यावर येतात त्याला त्या दुय्यम वाटत नाहीत. कधीकधी तर मूळ मृत्यूपेक्षा याच जास्त दिवस छळतात.

अशा वेळी ‘ते जाऊ द्या, तुम्हाला आतून कसं वाटतंय ते सांगा’ म्हणणारा कार्यकर्ता तिच्या डोळ्यांदेखत निरुपयोगी ठरतो. तिच्याबरोबर बसून अर्ज भरा. तो भरताना ‘वैवाहिक स्थिती’चा रकाना येतो आणि अनेकदा तिथेच पेन थांबतं. जे बोलायचं असतं ते तेव्हा निघतं. न निघालं तरी अर्ज भरून झालेला असतो.

४. शोकाचे पाच टप्पे असतात ना? क्लायंट कितव्या टप्प्यावर आहे हे कसं ओळखायचं?

ओळखायला जाऊ नका. नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार ही मांडणी मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये केली. तिचा आधार होता स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेली बोलणी. मागे राहिलेल्यांना ती नंतर लावली गेली, आणि इतकी पसरली की आता माणसं स्वतःहून विचारतात, ‘मला राग का येत नाही, माझं काही चुकतंय का?’ हे टप्पे ठरल्या क्रमाने किंवा प्रत्येकाला येतातच असं नाही, हे क्यूब्लर-रॉस यांच्या नंतरच्या लेखनातही स्पष्ट केलेलं आहे.

२००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नैसर्गिक मृत्यूने जवळचं माणूस गमावलेल्यांमध्ये, मृत्यूचा स्वीकार सुरुवातीपासूनच सर्वांत जास्त दिसला आणि त्रासदायक भावनांमध्ये गेलेल्याची ओढ पुढे होती. पाचांच्या यादीत ओढ नाहीच. प्रत्यक्षात मात्र माणसं तिच्याबद्दलच बोलतात: गर्दीत तसा शर्ट दिसला की पाय थबकतात, फोन वाजला की वाटतं त्याचाच असेल.

५. टप्पे नकोत, तर मग धरायचं काय?

दोन मांडण्या कामाला येतात. जे. विल्यम वर्डन यांनी १९८२ मध्ये शोकाकडे चार कामं म्हणून पाहिलं: गेलं हे खरं मानणं, वेदना सोसणं, त्या माणसाशिवायच्या जगात वावरायला शिकणं, आणि चौथं, त्याच्याशी नातं मनात ठेवून पुढचं आयुष्य जगणं. चौथ्या कामात त्यांनी नंतर मोठी दुरुस्ती केली. सुरुवातीला तिथे गेलेल्यातून मन काढून घेण्याची भाषा होती. नातं तोडायची गरज नाही हा विचार १९९६ नंतर, क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन यांच्या कामामुळे, चांगलाच रुजला. त्यामुळे मृत मुलाच्या वाढदिवशी कोणी त्याच्याशी बोलत असेल तर फाइलमध्ये लक्षण म्हणून लिहू नका.

दुसरी मांडणी मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांची, १९९९ ची. माणूस कधी गेलेल्याकडे वळतो, कधी पुढच्या घडीकडे, आणि ही ये-जा हाच शोकाचा निरोगी चेहरा आहे असं ते म्हणतात. सकाळी हुंदके आणि दुपारी बँकेत हुज्जत, यात विसंगती काही नाही. काळजी तेव्हा करायची, जेव्हा माणूस एकाच बाजूला अडकून पडतो. प्रश्न ३ मधली बाई चार महिने एकाच बाजूला असेल, तर तिला दुसऱ्या बाजूला जायला सवडच मिळालेली नाही, ही शक्यता आधी तपासा.

६. आजारपण वर्षभर चाललं. घरच्यांचं आधीच रडून झालंय, म्हणजे नंतर त्रास कमी होईल ना?

तसं गृहीत धरू नका. मृत्यूआधीच सुरू होणाऱ्या शोकाचा उल्लेख एरिक लिंडमन यांनी १९४४ मध्ये केला. त्यांचा मुख्य अभ्यास १९४२ मधल्या बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत माणसं गमावलेल्यांवर होता. पण त्यांनी आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या घरांचंही उदाहरण दिलं. एक सैनिक जिवंत परतला, तर बायकोने घटस्फोट मागितला. तो मरणारच या धास्तीत तिने मनातल्या मनात त्याला इतका पुरता निरोप दिलेला होता की आता त्याला जागाच उरली नव्हती.

यातून ‘आधी रडलं की नंतर हलकं’ असा समज पसरला. नंतरच्या अभ्यासांचा एकूण कल मात्र उलटा आहे. काळजी घेत असतानाच ज्यांचा शोक फार तीव्र असतो, त्यांना मृत्यूनंतरही जास्त जड जातं. उपयोग होतो तो तयारीचा. काय होणार आहे, किती दिवस उरलेत, शेवटचे तास कसे असतील, कोणाला बोलवायचं, हे माहीत असणं वेगळं आणि आधीच शोकात बुडणं वेगळं. हॉस्पिटलमधल्या कार्यकर्त्याने डॉक्टरांकडून ही माहिती सोप्या भाषेत घरच्यांपर्यंत पोहोचवली तर ते मोठं काम आहे. आणि रुग्ण स्वतःही शोक करत असतो हे लक्षात असू द्या. घरचे एक माणूस गमावतात, तो सगळ्यांना एकदम गमावत असतो.

७. मुलगा कित्येक वर्षं बेपत्ता आहे, आई अजून वाट बघते. तिला सत्य स्वीकारायला लावणं आमचं काम आहे का?

नाही. पहिली गोष्ट, सत्य तुम्हालाही माहीत नाही. मिनेसोटातल्या कुटुंबतज्ज्ञ पॉलिन बॉस यांनी बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांबरोबर १९७० च्या दशकात काम करताना या अधांतरी हानीची मांडणी केली. तिचे दोन प्रकार. माणूस समोर नाही, पण मनातून जात नाही: बेपत्ता, अपहृत, मृतदेह न मिळालेला. आणि उलट, माणूस समोर बसलाय, पण ओळखीचा तो राहिलेला नाही: डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश), मेंदूला झालेली गंभीर इजा, टोकाचं व्यसन.

या हानीत जीव टांगणीला लागतो तो माणसाच्या दुबळेपणामुळे नव्हे. परिस्थितीच तशी आहे. म्हणून ‘एकदाचा सोक्षमोक्ष’ हे ध्येय ठेवता येत नाही. पॉलिन बॉस सुचवतात की दोन उलट गोष्टी एकत्र बोलता याव्यात: ‘तो बहुतेक परत येणार नाही, आणि कदाचित येईलही.’ ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कमध्ये बेपत्ता कामगारांच्या कुटुंबांबरोबर त्यांनी या धर्तीवर काम केलं, आणि तेही एकेकट्याला बोलावून न करता अनेक कुटुंबांना एकत्र बसवून.

घरातली भांडणं इथे फार असतात. वडिलांनी आशा सोडलेली, आईने नाही, आणि दोघंही एकमेकांना निर्दय किंवा वेडं समजतात. प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं आणि तरी एका घरात राहता येतं, एवढं जरी त्यांच्या गळी उतरलं तरी खूप. मृत्यूच्या दाखल्याचा प्रश्न जपून हाताळा. बँक किंवा वारसाहक्कासाठी तो लागतो, पण सही करणाऱ्याला वाटतं आपणच त्याला मारलं. दाखला हा व्यवहाराचा कागद आहे, त्यावर सही केली म्हणून वाट बघणं बंद करायची सक्ती नाही, हे सही करण्याआधी मोठ्याने सांगा.

डिमेन्शियाच्या बाबतीत जोडीदार म्हणतो, ‘हे माणूस आहेच की घरात, मग मी रडतोय कशासाठी?’ त्याला या प्रकाराचं नाव सांगितलं की अनेकदा खांद्यावरचं ओझं उतरताना दिसतं. नाव सांगण्याचा फायदा मला इतका स्पष्ट दुसऱ्या कुठल्या प्रकारात दिसलेला नाही.

८. ज्याचं दुःख कोणी मानतच नाही, त्याचं काय?

केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये याचं विवेचन केलं: समाज ज्याला मान्यता देत नाही तो शोक. कधी नातं मान्य नसतं, म्हणजे घटस्फोटित जोडीदार, लपवलेलं प्रेम, समलिंगी सोबती, सहकारी, पगारी काळजीवाहक. कधी हानी मान्य नसते: गर्भपात, पाळलेला प्राणी, दत्तक दिलेलं मूल. कधी शोक करणाराच मोजला जात नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीला आई गेल्याचं आठवड्यांनी कळतं आणि अंत्यसंस्काराला नेलंच जात नाही, कारण ‘त्याला काय कळतंय’. नंतर तो वस्तू फेकू लागला की मग कोणीतरी आपल्याला फोन करतं. मृत्यूची तऱ्हाही मान्यता हिरावते. त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

आपल्या व्यवसायाला टोचणारं उदाहरण वेगळंच आहे. न्यायालयाच्या आदेशाने ज्यांची मुलं काढून घेतली जातात त्या आईवडिलांचा शोक. त्यांनी चूक केलेली असते, कधी गंभीर चूक. म्हणून त्यांच्याकडे कोणी सांत्वनाला येत नाही, आणि ज्याच्यापाशी रडावं असा कार्यकर्ता तर मूल नेणाऱ्यांच्या बाजूचा. राग, भेटी चुकवणं, पिऊन येणं हे सगळं ‘सहकार्य नाही’ म्हणून नोंदलं जातं. त्यातलं थोडं तरी शोकाचं असतं. शक्य असेल तिथे त्यांच्यासाठी वेगळा कार्यकर्ता द्यावा, हे माझं ठाम मत आहे. ज्याने मूल नेलं त्यानेच सांत्वन करावं ही अपेक्षा दोघांवरही अन्याय करते.

अशा शोकात पहिली मदत अगदी साधी आहे. गेलेल्याचं नाव घ्या आणि विचारा, ‘तुमचं त्यांच्याशी कसं होतं?’ नात्याचं प्रमाणपत्र मागू नका.

९. घरात मारहाण होत होती. तिथून सोडवलेलं मूल त्याच घरासाठी का रडतं?

कारण मारहाण घराचा एक भाग होती, घर त्याहून मोठं होतं. धाकटी बहीण होती, शाळेतला बाक होता, खिडकीतला कुत्रा होता, आणि न मारणारे दिवसही होते. आई जिवंत आहे पण आपल्याजवळ नाही, ही अधांतरी हानी (प्रश्न ७). त्यात स्वतःचाच दोष वाटतो: ‘मी सांगितलं म्हणून झालं.’

त्याच्यासमोर आईवडिलांची निंदा करू नका. मूल त्यांचंच असल्यामुळे ती निंदा त्यालाही लागते. सामान पिशवीत कोंबून हलवू नका. एक उशी, एक फोटो, जुना टॉवेल, जे मागेल ते बरोबर द्या. भावंडांची भेट कधी ते तारखेसह सांगा आणि ती तारीख पाळा. प्रत्येक वेळी घर बदलताना हेच सगळं पुन्हा घडतं, म्हणून फाइलमध्ये ‘तिसरं ठिकाण’ असं वाचलं की त्याच्यामागे किती माणसं सुटली ते मोजा. नव्या घरी जे ‘वळण नाही’ म्हणून दिसतं, ते बऱ्याचदा पुन्हा कोणावर जीव लावायचा नाही या निश्चयातून आलेलं असतं.

१०. लहान मुलाला मृत्यूबद्दल किती सांगायचं?

खरं, थोडं आणि विचारेल तितकं. मेलेलं परत येत नाही, मेल्यावर शरीराची सगळी कामं थांबतात, सगळेच कधीतरी मरतात, आणि मृत्यूला कारण असतं, या चार गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात समजू लागतात. त्याआधीच्या मुलाला ‘झोपलेत’ सांगितलं तर ते झोपायला घाबरतं. ‘लांब गेलेत’ सांगितलं तर मला न सांगता का गेले म्हणून रुसतं.

न विचारलेले तीन प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाच्या मनात असतात: माझ्यामुळे झालं का, तूही मरशील का, आणि मला कोण सांभाळणार. त्यांची उत्तरं त्याने न विचारताच द्या. मूल पाच मिनिटं रडून खेळायला पळालं तर त्याला दुःख नाही असं समजू नका. मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो. आणि वय वाढलं की तो पुन्हा येतो. चौथ्या वर्षी वडील गेलेली मुलगी चौदाव्या वर्षी नव्याने कोसळू शकते, कारण काय गेलं हे तिला आत्ता कळतंय.

११. अपंगत्व असलेल्या मुलाचे आईवडील सावरले होते, आता पुन्हा खचलेत. मागे गेले का?

मागे गेलेले नाहीत. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये अशा पालकांच्या जुनाट दुःखाबद्दल लिहिलं आणि ते विकार नसून स्वाभाविक आहे असं बजावलं. मूल समोर आहे, प्रेमही आहे. जे घडलंच नाही त्याची उणीव मात्र संपत नाही. सोबतची मुलं शाळेत जातात, चुलतभावाचं लग्न ठरतं, आपल्यानंतर याचं कोण हा प्रश्न जवळ येतो, तेव्हा ते दुःख डोकं वर काढतं. पालकांना ‘स्वीकारलं नाही’ असा शिक्का मारू नका. असे वळणाचे टप्पे आधीच ओळखून त्या सुमाराला भेट ठरवा, शक्य असेल तर पालकांना चार दिवस विसावा मिळेल अशी सोय करा.

१२. डोळ्यांतून टिपूसही नाही. दुःख दाबून ठेवलंय, कधीतरी फुटेल?

बहुतेक वेळा नाही. जॉर्ज बोनानो यांच्या आणि इतरांच्या दीर्घ अभ्यासांत, जवळचं माणूस गेल्यावरही बऱ्यापैकी तग धरून राहणारे लोक हाच मोठा गट निघाला, आणि वर्षांनी अचानक फुटणारा शोक क्वचितच सापडला. मार्टिन आणि डोका यांनी आणखी एक फरक दाखवला: काहींचा शोक भावनेतून बाहेर पडतो, काहींचा कामातून आणि विचारातून. वडिलांचं अर्धवट राहिलेलं कपाट पूर्ण करणारा मुलगा शोकच करतोय. पुरुषांत हा दुसरा प्रकार जास्त दिसतो, पण तो पुरुषांचाच आहे असं नाही.

लक्ष कधी द्यायचं? नाव काढलं की उठून जातो, घरी परत येत नाही, पिणं वाढलंय, स्वतःला कामात झोकून दिलंय. आसवं आली की नाही याने यातलं काही ठरत नाही.

१३. छळणारा नवरा वारला. ती म्हणते, ‘सुटले एकदाची.’ यावर काय बोलावं?

‘हो, सुटलात.’ दीर्घ आजारानंतरही सुटल्यासारखं वाटतं आणि लगेच त्याची लाज वाटते. सुटका आणि दुःख एकाच माणसात राहू शकतात. तिच्या बाबतीत अजून एक असतं: तो कधीतरी बदलेल ही आशाही त्याच्याबरोबर गेलेली असते. तिचा शोक कदाचित त्या आशेचा असेल. ती स्वतः त्यावर बोलू लागेपर्यंत तुम्ही बोलू नका.

१४. आत्महत्येने माणूस गेलेल्या घरात वेगळं काय असतं?

‘का’ हा प्रश्न. त्याला पुरतं उत्तर मिळत नाही आणि तरी तो थांबत नाही. पोलीस येतात, शवविच्छेदन होतं, चिठ्ठी जप्त होते, शेजारी कुजबुजतात. अपराधीपणा, गेलेल्यावरचा राग आणि लाज एकमेकांत गुंततात. घरात कोणी कोणाला काय सांगितलं याचा हिशेब ठेवताना माणसं दमून जातात. मुलांपासून कारण लपवलं जातं आणि ते त्यांना शाळेतल्या कोणाकडून तरी कळतं. मुलाला सोप्या शब्दांत खरं सांगणंच बरं, तपशील नकोत.

या घरातल्या माणसांचा स्वतःचा धोकाही वाढलेला असतो. थेट विचारा: ‘जगू नये असं तुम्हाला वाटतंय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्याची मदत मिळवा. आत्महत्या-प्रतिबंधाच्या अभ्यासाचे एक प्रवर्तक एडविन श्नाइडमन मागे राहिलेल्यांच्या काळजीला पुढच्या पिढीतल्या प्रतिबंधाचाच भाग मानत.

१५. किती दिवसांनी हा आजार म्हणायचा?

नुसत्या दिवसांवरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गवारीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तिच्यात दीर्घ शोकविकार आहे: किमान ६ महिने टिकणारा, कामकाज मोडणारा आणि त्या माणसाच्या समाजात जे स्वाभाविक मानलं जातं त्याच्या स्पष्टपणे पलीकडे गेलेला. अमेरिकी मनोविकार संघटनेने मार्च २०२२ मध्ये मनोविकारांच्या निदानासाठीच्या आपल्या सुधारित पुस्तिकेत प्रौढांसाठी १२ महिने आणि मुलांसाठी ६ महिने अशी अट घातली. तिथे जवळजवळ रोज ओढ किंवा सतत त्याच माणसाचे विचार हवेत, आणि ८ लक्षणांपैकी किमान ३. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एका प्रौढाला अशी अडकलेली अवस्था येते. हिंसक किंवा अचानक मृत्यूनंतर हे प्रमाण जास्त असतं.

दोन्ही व्याख्या मृत्यूपुरत्याच आहेत. बेपत्ता मुलाची आई किंवा मूल काढून घेतलेला बाप त्यांत बसत नाही. म्हणजे त्यांना मदत नको असं कुणी समजू नये.

नैराश्याशी गल्लत होते. शोकात दुःख आठवणीबरोबर उसळतं, मध्ये हसूही येतं, आणि रोख गेलेल्याकडे असतो. नैराश्यात सगळंच फिकं पडतं आणि ‘मी कवडीमोल’ हे वाटणं पुढे येतं. दोन्ही एकत्रही असतात. निदान मात्र डॉक्टरांना करू द्या. उपचार आहेत: कॅथरिन शिअर यांनी शोकासाठीच बांधलेली १६ सत्रांची उपचारपद्धती २००५ च्या चाचणीत नेहमीच्या मानसोपचारापेक्षा सरस ठरली. २०१६ च्या चाचणीत सिटॅलोप्रॅम या नैराश्यावरच्या औषधाने तीव्र शोकावर वेगळी भर घातली नाही. उपचाराबरोबर दिल्यावर नैराश्याच्या लक्षणांना मात्र ते उपयोगी पडलं.

१६. म्हणजे प्रत्येकाला समुपदेशनाला पाठवायचं?

नको. बहुतेकांना जवळची माणसं, थोडी माहिती आणि प्रश्न ३ मधल्यासारखी व्यवहारातली मदत पुरते. काहींना गट किंवा प्रशिक्षित स्वयंसेवक लागतो. थोड्यांना तज्ज्ञ. सगळ्यांना सरसकट समुपदेशन दिल्याने फारसा फायदा दिसलेला नाही. ज्यांना त्रास खरोखर जास्त आहे त्यांना होतो.

१७. एकामागून एक चार माणसं गेली. कोणासाठी रडतोय हेच त्याला कळत नाही.

रॉबर्ट कास्टनबॉम यांनी १९६९ मध्ये विशेषतः वृद्धांमधल्या अशा साचलेल्या शोकाकडे लक्ष वेधलं. एका हानीतून बाहेर यायच्या आत पुढची येते, आणि बाहेरून हे नैराश्य किंवा वयाचा विसराळूपणा वाटतं. एकेका माणसाचं नाव घेऊन वेगवेगळ्या दिवशी बोला. सगळ्यांना एका बैठकीत उरकू नका. साथ, युद्ध, दुर्घटना यांत संपूर्ण वस्तीचंच असं होतं. तिथे एकट्याला खोलीत बोलावण्यापेक्षा सामूहिक स्मरण जास्त धरून ठेवतं.

१८. नोंदीत काय लिहायचं?

काय गेलं, कधी गेलं, त्यामागून काय काय गेलं, आता कोण सोबत आहे, धोका आहे का. शक्य तिथे त्या माणसाचेच शब्द. ‘नकारावस्थेत आहे’ हे लिहू नका. ‘मुलाचं ताट अजून वाढते, तो गेलाय हे माहीत आहे असं म्हणते’ हे लिहा. पहिल्या वाक्यावरून पुढचा कार्यकर्ता तिला उपदेश करेल, दुसऱ्यावरून तो प्रश्न विचारेल. येऊ घातलेल्या तारखाही नोंदवा: वाढदिवस, वर्षदिवस, सुनावणी.

१९. क्लायंट वारला. मला रडू आलं तर ते व्यावसायिक आहे का?

रडू येणं ठीक आहे. त्याच्या घरच्यांनी तुम्हाला सावरायची वेळ येऊ नये, एवढी मर्यादा पाळा. कार्यकर्त्याचा शोक हा प्रश्न ८ मधलाच प्रकार आहे: रजा नाही, विचारणारं कोणी नाही, आणि टेबलावर पुढची फाइल. पर्यवेक्षकाने अशा मृत्यूनंतर वेळ राखून ठेवायला हवा, आणि तो ‘काय चुकलं’च्या चौकशीपासून वेगळा हवा. दोन्ही एकाच बैठकीत केलं की कार्यकर्ता फक्त बचाव करतो. सतत चिडचिड, क्लायंटची नावं विसरणं, दार ठोठावावंसंच न वाटणं हे दमल्याचं लक्षण समजा. तेव्हा काम वाटून घ्या. सुट्टीवर जाऊन परत त्याच ढिगाऱ्यात येण्याने भागत नाही.

२०. शोकात असलेल्या क्लायंटची केस बंद कशी करायची?

तुम्ही जाणं हीदेखील त्याच्यासाठी एक हानी आहे, म्हणून अचानक नको. शेवटची भेट कधी हे काही भेटी आधी सांगा, आणि ती वर्षदिवसाच्या किंवा सुनावणीच्या आठवड्यात ठेवू नका. तुमच्या जागी कोणी येणार असेल तर एक भेट तिघांची करा. नवीन कार्यकर्त्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागू नये म्हणून काय सांगायचं आणि काय नाही, हे क्लायंटला विचारून ठरवा. मुलांच्या केसमध्ये निरोपाचा दिवस कॅलेंडरवर दाखवा. शेवटच्या भेटीला तो आलाच नाही, तर ‘संपर्क तुटला’ असा शेरा मारून फाइल बंद करण्याआधी एक पत्र पाठवा: भेट राहिली आहे, दार उघडं आहे, हा नंबर, या वेळेत.